भाऊजींची भुतं

माझे भाऊजी देवमन यांनी आयुष्यात एकही भूत पाहिलं नाही, आणि तरी अचलपुरातल्या भुतांशी सगळ्यात जास्त घरोबा त्यांचाच होता. कोणतं भूत कोणत्या वेशीत राहतं, कोणतं नुसतं उभं राहतं आणि कोणतं मागे मागे येतं, हे ते असं सांगत की ही सगळी मंडळी आमच्या सोयरिकीतली वाटावी. मी त्यांची धाकटी साळी, शकुन. त्यांना टोचून बोलायचा हक्क मला त्यांच्या लग्नाच्या मांडवात मिळाला, आणि तो मी अजून सोडलेला नाही. तेव्हा इथं थोडी थट्टा येणारच.

भाऊजींचा टांगा होता. परतवाडा आणि अचलपूर ही एकमेकांना चिकटलेली जोडगावं. परतवाड्यात सागवानाचा बाजार, मोटारींचा अड्डा आणि चिखलदऱ्याला जाणाऱ्यांचा मुक्काम. अचलपुरात जुना परकोट, पडक्या वेशी, कबरी आणि चिंचेची झाडं. हिवाळा लागला की परतवाड्यात बाहेरगावचे लोक दाटत. कोणी लाकडाच्या लिलावाला, कोणी कापसाच्या सौद्याला, कोणी नुसतं हुरडा खायला. दिवसभर त्यांची कामं चालत आणि संध्याकाळी त्यांना करमत नसे. नेमके त्याच वेळी भाऊजी त्यांच्या उतरण्याच्या जागेसमोर टांगा लावून विचारत, भुतं पाहायला येता का, जेवणाच्या आत परत आणून सोडतो.

ही फेरी फक्त थंडीतली. उन्हाळ्यात दिवस लवकर मावळत नाही, आणि घामाघूम झालेला माणूस भीत नाही, असं भाऊजींचं मत होतं. थंडीत दिवेलागणीलाच काळोख पडतो, चुलींचा धूर परकोटाला धरून खाली बसतो, आणि माणूस आधीपासूनच थरथरत असतो. आपण फक्त कारण पुरवायचं, असं ते म्हणत.

पहिला मुक्काम पडक्या वेशीचा, तिथं मुंडकं नसलेला स्वार. दुसरा चिंचेखाली, तिथलं भूत तंबाखू घेऊन बसलेलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चुना मागणारं. भाऊजींची घोडी लाली सवयीनं आपापली थांबे आणि कान टवकारे, त्यामुळे सवाऱ्यांची खात्रीच पटे. खरं म्हणजे चिंचेखाली भाऊजी तिला गुळाचा खडा देत, म्हणून ती थांबायची.

शेवटचा मुक्काम जुन्या पायविहिरीचा. तिथं भाऊजी आवाज खाली आणत, टांग्याचा दिवा बारीक करत, आणि सांगत की थंडीच्या दिवसांत एक बाई या विहिरीतून वर येते. तेवढ्यात पांढऱ्या पातळातली एक बाई हातात कंदील घेऊन पायऱ्यांवरून खरंच वर येई, काठावर उभी राही आणि पुन्हा खाली जाई. ही बाई म्हणजे माझी मोठी बहीण जाई. गाव तिला जाईबाई म्हणे, मी नुसतं बाई म्हणते. रात्रीचा स्वयंपाक लवकर आटोपून, जुनं पांढरं पातळ बगलेत मारून बाई पायी विहिरीवर जायची आणि नवऱ्याची वाट पाहत पायरीवर कुडकुडत बसायची. एका वर्षी तिला सर्दी झाली आणि भुताला भर फेरीत खोकला आला. भाऊजी डगमगले नाहीत. ही बाई गारठ्यानंच मेली होती, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. सवाऱ्या एवढ्या घाबरल्या की पुढे खोकला नसला तरी बाईनं खोकायचंच, असं ठरून गेलं.

मला या सगळ्याचं हसू येई, पण भाऊजींचा त्यात एवढा जीव का, ते मला उशिरा कळलं. आमची वस्ती परकोटाबाहेर. आमच्या हातचं पाणी कोणाला चालत नसे. टांग्यात बसणारा भाडंसुद्धा वरून टाकायचा. पण विहिरीपाशी काळोख झाला आणि कंदील वर यायला लागला, की तेच ठेकेदार, तेच वकील भाऊजींचा दंड गच्च धरून बसत. कोणी तर त्यांच्या घोंगडीत शिरे. भाऊजींना त्या घटकेचीच गोडी होती. घरी येऊन ते दंडावरचे वळ कौतुकानं दाखवत.

एकदा अकोल्याचे शेषरावजी आले, कापसाचे मोठे अडते. सोबत पत्नी माणिकबाई. भुतानं कंदील वर केला, खोकलं, आणि माणिकबाईंनी भाऊजींचं मनगट असं धरलं की बांगडी त्यांच्या कातड्यात रुतली. पाठोपाठ माणिकबाईंना भोवळ आली. शुद्धीवर आल्या तेव्हा पाणी पाणी करत होत्या. विहीर समोरच, पण तिच्यात भूत. पाणी भाऊजींच्या तांब्यातही होतं, पण तो तांब्या भाऊजींचा. त्यांनी तांब्या पुढे केला तसे शेषरावजी म्हणाले, राहू दे, परतवाड्याला गेल्यावर पाहू. बिचाऱ्या माणिकबाई सगळी वाट कोरड्या घशानं गेल्या. मनगट धरलेलं चाललं, पाणी चाललं नाही. माझी बहीण खालच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. भूत असल्यामुळे तिला बोलता येईना.

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षेला निघालो. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. आमच्या बाजारातलं पांढरं कापड आधीच संपलं होतं. बाईकडे पांढरं म्हणून एकच पातळ होतं, भुताचं. तिनं ते रिठ्यानं धुतलं, निळीत बुडवलं, उन्हात वाळवलं आणि नेसून निघाली. त्या मैदानावर पांढऱ्या कपड्यातली माणसं डोळा पुरेल तिथवर होती, आणि त्यांच्यात माझी बहीण मला कुठल्याही साहेबिणीपेक्षा देखणी वाटली. मी तिच्या आणि भाऊजींच्या मधे उभी होते. प्रतिज्ञा म्हणताना भाऊजींचा आवाज खणखणीत होता. मी खोटं बोलणार नाही, ही आली तेव्हा मात्र तो थोडा खाली गेला. मी कोपरानं ढोसलं तसा पुन्हा वर आला.

परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले. देव गेले, पण भुतांचं काय करायचं हा प्रश्न दिवाळीनंतर आला, कारण लोक भाऊजींना विचारायला लागले होते. भाऊजींनी बाईला सांगितलं, उद्यापासून विहिरीवर जायचंय, पातळ काढून ठेव. मी शाळेच्या दिवाळीच्या सुटीत बाईकडेच होते. बाई भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि मगच बोलली.

"ज्या पातयात मी माणूस झाली, त्याच पातयात आता भूत होऊ काय?"

भाऊजी म्हणाले, दुसरं कापड आणतो. बाई म्हणाली, कापड दुसरं आणाल, पण आतली बाई तर तीच ना. तिच्या पाठोपाठ मीही खोटं न बोलण्याच्या प्रतिज्ञेची आठवण करून दिली. भाऊजी उठून लालीला खरारा करायला गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढे सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले. घराघरात चूल पेटेना, तिथं भुतांचं कोणाला सुचणार. तो हिवाळा फेरीविना गेला. भाऊजी नुसत्या सवाऱ्या वाहत होते, कमी बोलत होते. बाईनं मला सांगितलं की हा माणूस असा गप्प राहिला तर आजारी पडेल. पातळाच्या बाबतीत मात्र ती हटली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी नाताळाच्या सुटीत गेले, तर भाऊजींची फेरी पुन्हा सुरू झालेली. मी विचारलं, प्रतिज्ञेचं काय केलं? ते म्हणाले, चल, बसून पाहा. शेंदूरजना घाटचे संत्र्यांचे व्यापारी टांग्यात होते. निघण्याआधी भाऊजींनी त्यांना बजावलं की भूत नसतं, आपण खोटं न बोलण्याची शपथ घेतलेली आहे, आता सांगणार त्या गोष्टी आहेत आणि गोष्टी म्हणूनच ऐका. व्यापारी एकमेकांकडे पाहायला लागले. हा गडी एवढ्या शपथा घालून राहिला, म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे, असं ते कुजबुजले आणि वेशीपासूनच एकमेकांना चिकटून बसले. लालीनं शपथ घेतलेली नव्हती. ती जिथल्या तिथं थांबून कान टवकारत होती. पायविहिरीवर भाऊजींनी टांग्याचा दिवा मोठा केला आणि इथं इतके हिवाळे आपली बायको कशी कुडकुडत उभी राही, ते खोकून दाखवत सांगितलं. परतवाडा येईपर्यंत व्यापारी हसत होते. भाऊजींची कळी खुलली होती. फक्त दंड आता कोणी धरत नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण घरी आल्यावर ते दंडावरून हात फिरवताना मला दिसले.

आणि त्याच आठवड्यात शेषरावजी आणि माणिकबाई पुन्हा आले. माणिकबाईंनी मुद्दाम भाऊजींना शोधून काढलं होतं. इतकी वर्षं अकोल्यात त्या आपण पाहिलेलं भूत सांगत होत्या. आता त्यांना ते पुन्हा पाहायचं होतं. भाऊजी टांगा जुंपायला घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. खरं सांगितलं तर शेषरावजी फसवणूक केली म्हणून बाजारभर बोभाटा करतील आणि टांग्यात कोणी बसणार नाही. नाही सांगितलं तर नागपुरात म्हटलेलं सगळं वाया. मी म्हटलं, तुम्ही आजारी आहात म्हणून सांगा. बाईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. तेही खोटंच होतं. भाऊजी एकटेच गेले.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. विहिरीपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथं माणिकबाई डोळे ताणून पायऱ्यांकडे पाहत बसल्या. भाऊजींनी दिवा मोठा केला आणि सांगून टाकलं की ते भूत त्यांची बायको होती, आणि माफी मागितली. शेषरावजींचा आवाज चढला. आमच्या मंडळींची भोवळ तुला गंमत वाटली काय, असं ते बोलत राहिले. मग माणिकबाई म्हणाल्या, मला तिला पाहायचं आहे.

अशा रीतीनं तो टांगा आमच्या वस्तीत आला. त्याआधी असले उंची कपडे घातलेलं कोणी आमच्या वस्तीत उतरलं नव्हतं. शेजारचे दाराशी आले. भाऊजी खाली उतरून लालीचा लगाम धरून उभे राहिले, वर पाहीनात. मी आत धावले, तर बाई पेटीतून पांढरं पातळ काढून नेसत होती. दीक्षेनंतर ती ते फक्त चांगल्या कामाला नेसे. मी म्हटलं, बाई, हेच काहून? ती म्हणाली, पाहुणे आले ना.

ती कंदील घेऊन दारात आली. माणिकबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि त्यांनी हात पुढे करून जे सापडलं ते धरलं. ते भाऊजींचं मनगट होतं.

"भिऊ नका, मी जाई," बाई म्हणाली. "त्या वख्ती तुमचं पाणी राहून गेलं. आज चहा घ्या."

चूल पेटलेलीच होती. मी गुळाचा चहा कपात काठोकाठ ओतला, तो बशीतही थोडा सांडला. बाईनं कप पुढे केला. सगळी वस्ती पाहत होती. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, हे मी नीट पाहिलं. शेषरावजींनी घसा खाकरला, पत्नीकडे पाहिलं आणि मग घोडीच्या पाठीकडे पाहायला लागले.

माणिकबाईंनी कप घेतला. फुंकर मारून एक घोट घेतला, मग दुसरा. बशीत सांडलेलाही प्यायल्या. मग पदरानं तोंड टिपून, आजारी शेजारणीची चौकशी करावी तशा त्यांनी विचारलं,

"तुमचा खोकला गेला काय वं?"

बाई म्हणाली, दीक्षा घेतली तवापासून नाही. त्या दोघी हसल्या, मग वस्ती हसली, आणि शेवटी शेषरावजींनाही आपल्या कपाचं काय ते विचारावं लागलं. भाऊजींनी डोळे उघडले ते ओले होते. मी त्यावरून त्यांची खूप वर्षं थट्टा केली. ते म्हणत, चुलीचा धूर गेला डोळ्यांत. ही एक गोष्ट ते प्रतिज्ञेनंतरही खोटी सांगत, आणि बाईनं त्यांना ती सांगू दिली.