स्लेडवर बांधलेली मुलगी

आयुष्यात मी एकाच माणसावर हात उचलला, आणि चूक त्याची नव्हती.

अमेरिकेत, ॲन आर्बरला आमचा तो सहावा हिवाळा, ऐंशीच्या दशकातला. नवं मराठी कुटुंब आलं की त्यांना स्लेडिंग, म्हणजे बर्फाच्या उतारावरून बिनचाकी घसरगाडीनं घसरत जाणं, शिकवायचा मक्ता मी स्वतःकडे घेतला होता. कोणी सांगितलं नव्हतं, पण मिरवायला आवडायचं. त्या वर्षी नागपूरचं जोडपं आलं होतं. तो युनिव्हर्सिटीत रिसर्चला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बायको, आणि चार वर्षांची मुलगी. एका रविवारी सकाळी त्या तिघांना आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन मी पार्कमधल्या टेकडीवर गेलो.

प्लॅस्टिकची लांब लाल स्लेड बर्फावर टाकली आणि माझं लेक्चर सुरू झालं. बसायचं, पाय पुढे. वळायचं त्या बाजूला अंग टाकायचं. डोकं पुढे करून पालथं कधीच पडायचं नाही. वर येताना कडेनं चढायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही आडवं आलं तर स्लेडचा मोह सोडून बाजूला लोळण घ्यायची. स्लेड आपटली तर आपटू दे. तो परीक्षेला बसल्यासारखा मन लावून ऐकत होता.

बायको मात्र धास्तावली होती. पोर उडून पडली तर? तिनं कोटाखालची सुती ओढणी काढली, मुलीला स्लेडवर बसलेल्या नवऱ्याच्या पुढ्यात बसवलं आणि दोघांच्या पोटाभोवती दोन वेढे घातले. नागपूरला स्कूटरवर मुलगी पेंगायला लागली की ती अशीच बांधायची. चालेल ना, असं तिनं मला विचारलं. मागे चार-पाच जण खोळंबले होते, आणि आपल्या माणसांमुळे रांग थांबली याची मला लाज वाटत होती. हो हो, चालेल, म्हणत मी वाकलो, तिची सैल गाठ सोडली, स्वतः करकचून निरगाठ मारली आणि स्लेडला पायानं रेटा दिला. लोळण घ्यायला सांगणारा मी आणि बांधणाराही मीच. तेव्हा ते डोक्यातही आलं नाही.

बर्फाचा वरचा थर गोठून टणक झाला होता. अर्ध्या उतारावर स्लेड झाडांकडे वळली. "सोड! लोळ!" मी बोंबललो. त्यानं लोळण घेतली, शिकवली होती तशीच. पण मुलगी पोटाला बांधलेली. ती त्याच्याखाली चिरडली, ओढणीचं टोक स्लेडमध्ये अडकलं आणि स्लेडनं दोघांना फरफटत नेऊन झाडावर आपटलं. काटकी मोडावी तसा आवाज वरपर्यंत आला. ते तिच्या खांद्याचं हाड होतं.

मी पोचलो तेव्हा त्याच्या नाकातोंडातून रक्त वाहत होतं आणि ओढणी सरकून मुलीच्या गळ्यात रुतली होती. तिचं तोंड निळं पडत चाललं होतं. मी गाठीला भिडलो. नखं उलटली, दातांनी ओढली, सुटेना. तिचे पाय बर्फ झाडत होते, मग तेही थांबले. रांगेतला एक गोरा माणूस धावत आला आणि खिशातल्या चाकूनं त्यानं ओढणी कापली. मुलगी आचका देऊन रडली.

मग मी त्या बापाच्या थोबाडीत मारली. रक्तानं माखलेल्या तोंडावर, दोनदा. "अक्कल आहे का तुला? पोरीला असं बांधतात?" भीतीनं माझं डोकं फिरलं होतं, कोणाला तरी मारल्याशिवाय मला उभं राहता आलं नसतं. माझी लेक मागे उभी होती.

हॉस्पिटलमध्ये मुलीच्या गळ्यावरचा वळ बघून नर्सचा चेहरा बदलला. थोड्या वेळानं एक बाई फाइल घेऊन आली आणि मुलीला कोणी बांधलं म्हणून विचारू लागली. या देशात असल्या प्रश्नानंतर सरकारची माणसं मुलं घरातून काढून नेतात, हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मी."

बायकोला इंग्रजी जेमतेम यायचं. तिनं माझी बाही धरली. "भाऊजी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. आमच्याकडे स्कूटरवर असंच बांधतात, नवीन आहेत, माणसं फार चांगली आहेत. सगळं सांगितलं, गाठ कोणी मारली तेवढं सोडून. मुलगी त्यांच्याकडेच राहिली, पण पुढे तीन महिने त्या घरी चौकशीची माणसं येत राहिली.

बाई लिहून घेत असताना माझी लेक माझा हात धरून उभी होती. "बट बाबा, गाठ तर यू टाइड..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. मी तिची बोटं अशी आवळली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईनं मान वर करून विचारलं, हिला काय झालं?

घाबरलीय, मी म्हणालो.