सांभाळायला दिलेलं पाकीट

दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेलं सिगारेटचं पाकीट मी चार दिवसांत गच्चीवर बसून एकट्याने संपवलं. चूक माझीच.

पाकीट आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूचं. पोरगा खानदेशातल्या रनाळ्याचा, एम.एस्सी.ला. माझ्याशी बोलताना सिगारेटचा वास येऊ नये म्हणून तो आधी वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचा आणि दर सोमवारी सिगारेट सोडायचा. या सोमवारी पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "काका, तुमनाजोडे ठेवा. मी पाया पडनू तरी देऊ नका."

गुरुवारी त्याचं प्रॅक्टिकल होतं. सकाळीच दारात उभा. "काका, एकच द्या ना!"

मी व्यसनावर बरंच बोललो. तो खरोखर पाया पडला, तेव्हा नाइलाजाने पाकीट पुढे केलं. त्याने ते उलटं करून झटकलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मग खिशातली बडीशेपेची पुडी माझ्या हातावर ठेवली.

"काका, मन्हापेक्षा तुम्हलेच हाई जास्त लागी."

आणि टपरीकडे न वळता, हसत परीक्षेला गेला.

बायको आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "त्या पोऱ्याले खाले ऱ्हावाले बलावस मी. तुम्ही वरल्या खोलीमा जा. घरमा एक तरी शहाना माणूस पाहिजे."