बाबांनी पारखलेला सिनेमा

टांग्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी बांधलेल्या होत्या आणि त्यांवर एक केशरी कोल्हा रंगवलेला होता — इतका केशरी, की फाल्गुनातल्या त्या पांढुरक्या उन्हात कुणी बहरलेला पळसच आमच्या फाटकाशी आणून उभा केला आहे असं वाटावं. टांग्यातला माणूस कर्णा तोंडाला लावून ओरडत होता, "चित्रं चालतात, चित्रं बोलतात! बालबच्च्यांसाठी रंगीत इंग्लिश सिनेमा!" कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास, घोड्याच्या घामाचा वास, टांग्यामागे उडणारी धूळ... आणि शेजारच्या घरातली माझी मैत्रीण मार्था माझं मनगट घट्ट धरून विचारत होती, "चित्र कसं काय चालते वं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारपासून मात्र मला दुसरं काही सुचेना.

अमरावतीतल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत — एक दवाखाना, एक शाळा, एक चर्च आणि पत्र्याच्या छपरांची दहा-बारा घरं — 'सिनेमा' हा शब्द मोठी माणसं आवाज उतरवून उच्चारत. कुणी तिथं जात नसे. पण पोरांनी असा हट्ट मांडला, की प्रश्न चर्चच्या मंडळीच्या पंचांपुढे गेला. माझे बाबा त्यांतलेच एक. शाळेत गणित शिकवायचे. "पाहिल्याशिवाय वाईट कसं म्हणावं?" एवढंच ते बोलले आणि सिनेमा पारखण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी सिनेमा पाहावा आणि रविवारी मंडळीपुढे सांगावं, असं ठरलं.

"लेकरायसाठी सिनेमा हाये, तर एखादं लेकरू नको का सोबत?" आई म्हणाली. मी दारामागेच उभी होते.

दुपारचा खेळ होता. थिएटरात भिजवलेल्या वाळ्याच्या पडद्यांचा, विडीचा आणि भुईमुगाच्या शेंगांचा मिळून एक दमट वास दाटला होता. बाबा चर्चमध्ये बसतात तसे ताठ बसले. मिटलेली छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी. मग अंधार झाला आणि पडद्यावर तो कोल्ह्याचा बच्चा चालू लागला! मी एकदा त्याच्याकडे बघे, एकदा मान वळवून मागच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाच्या त्या पट्ट्याकडे, ज्यात धुळीचे कण तरंगत होते... एवढासा कोल्हा त्यातून येत होता तरी कसा?

बाबा कानाशी अर्थ सांगत होते. एका चेटकिणीने नदी मडक्यात कोंडून ठेवली होती. बच्चा आईशी खोटं बोलून एका म्हाताऱ्या कासवासोबत ती सोडवायला निघाला. तो खोटं बोलला तेव्हा बाबांनी 'च्' केलं. चेटकीण आली तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, पण बोटं फाकलेली राहिली. फटीतून मला तिचे हिरवे केस दिसत होते. पुढे पहारेकरी बदक दर वेळी सलाम ठोकताना घसरून पडू लागलं आणि बाबा हसले — मोठ्याने, अंग हलवून. तसे ते घरीही कधी हसत नसत. शेवटी चेटकिणीच्या कोसळणाऱ्या गुहेचं दार कासवाने आपल्या पाठीवर तोलून धरलं, बाकीचे निसटले आणि ते तिथंच राहिलं. बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा काढला.

शनिवारी त्यांनी मला जवळ बसवलं. "खरं सांग, त्या चेटकिणीची तुले भीती वाटली, का तिच्यासारखं व्हावंसं वाटलं?"

मी घाबरले. पण बाबांशी खोटं बोलवेना. "दोन्ही," मी म्हटलं.

ते उठून अंगणात गेले. माझ्या एका शब्दाने सगळ्यांचा सिनेमा बुडाला, अशी माझी खात्री झाली. मार्थाला तोंड दाखवायचीही मला लाज वाटू लागली.

रविवारी उपासनेनंतर बाबा उभे राहिले. "जादूटोणा आहे. आईशी खोटं बोलणं आहे. प्रार्थना कुठंच नाही," ते म्हणाले. "आणि माझ्या मुलीला चेटकीण व्हावंसं वाटलं." बायकांच्या रांगेत हसू पसरलं, मी चटईची काडी ओढत खाली बघत राहिले.

दवाखान्यात मलमपट्टी करणारे म्हातारे शांतवनकाका उठले. "मास्तर, तुमी हासले का?"

"हासलो जी."

"अन् रडले?"

"रडलो. दुसऱ्यासाठी जीव देणारं ते कासव पाहून रडलो. लेकरायले वाईट कुठं ना कुठं दिसणारच आहे, काका. ते दिसते तेव्हा बाजूले मायबाप असावे, इतकंच मले वाटते."

चर्चच्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले, उघडले, आणि परवानगी दिली.

सोमवारी आम्ही अकरा पोरं, तेल लावून भांग पाडलेली, बाबांच्या आणि दोन आयांच्या मागून निघालो. थिएटरच्या दारावर तलवारवाल्याचं चित्र लागलं होतं. "कोल्हा? तो तं कालच अकोल्याले गेला," दारवान म्हणाला. "पब्लिकच नोती."

बाबा पोरांकडे बघत उभे राहिले. त्यांनी विचार करण्यात घालवलेले ते दिवस त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. आमच्यापैकी कुणी रडलं नाही. म्हणूनच बहुधा त्यांना ते जास्त लागलं.

परत येऊन त्यांनी कडुनिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि सिनेमा सांगायला घेतला. बदकासारखा सलाम ठोकून आमचे गणिताचे मास्तर तीनदा धुळीत पडले. चेटकिणीचा आवाज असा काढला, की मार्था माझ्या पाठीमागे लपली. त्यांनी काही गाळलं नाही — जादू नाही, खोटं नाही. कासवापाशी आल्यावर मात्र ते चष्मा काढून पुसू लागले. मोहोर टपटपत होता. पोरं थांबून राहिली...

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सिनेमाचं नाव मला आठवत नाही, आणि ज्यांना विचारावं असं कुणी उरलं नाही. मध्यंतरी अकोल्याला मार्थाच्या घरी गेले होते. तिच्या हाताला आता कंप आहे, नजर मंदावली आहे. चहा ओतता ओतता ती एकदम म्हणाली, "आपण तो कोल्ह्याचा सिनेमा पाह्यला होता, आठवते का वं? थेटरात काय गर्दी होती! अन् ते निळं कासव... अजून डोयापुढून जात नाही."

पडद्यावरचं कासव हिरवं होतं. मी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बशी हातात घेतली.

"हो," मी म्हटलं. "निळंच होतं."