रिकामं कव्हर

ताईने माझी दुसरी खोली परस्पर देऊन टाकली. तिच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली, तेव्हा "मावशी एकटीच तर असते, एक खोली रिकामीच आहे," असं तिने त्याला सांगितलं. मला नंतर कळवलं. मग ती खोली आवरायला म्हणून स्वतःच येऊन राहिली.

त्या खोलीत माझे सुपरहिरो राहतात. मी जपानीची तांत्रिक अनुवादक. पंप, गिअरबॉक्स, त्यांची माहितीपत्रकं. कामासाठी जपानला गेले, की तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून सिनेमांच्या तबकड्या आणायचे. काही ताटाएवढ्या, चकचकीत. काही प्लास्टिकच्या कव्हरात बंद. दोन्ही प्रकार केव्हाच इतिहासजमा झाले. सगळे सिनेमे मुखवटा घालून, पाठीवर पदर उडवत जग वाचवणाऱ्यांचे. व्याकरण मी क्लासात शिकले, बोलणं यांच्याकडून. पहिल्याच मीटिंगला आलेल्या जपानी पाहुण्यांना मी "आता तुमची सुटका नाही" अशा थाटात जेवायला बोलावलं होतं. म्हातारे साहेब पोट धरून हसले.

"हे सगळं फोनवर दिसत नाही का गं?" ताईने विचारलं.

"दिसतं. पण ते माझं नसतं."

दुपारी मी कव्हरवाल्यांतला एक सिनेमा लावला, तेवढ्यात कामाचा फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. ताईने आवरायला घेतलं. कव्हरातल्या तबकडीची रीत वेगळी असते. तिला हात लावायचा नाही. कव्हरासकट मशीनमध्ये सरकवायची आणि कव्हर ओढून घ्यायचं. तबकडी आत राहते. काढताना पुन्हा रिकामं कव्हरच आत घालावं लागतं. ताईने ते कव्हर हलवून पाहिलं, आत काही नाही, म्हणून सुक्या कचऱ्यात दिलं. मी फोन संपवून परत येईपर्यंत कचऱ्याची गाडी निघून गेली होती.

"अगं, रिकामंच तर होतं!"

माझं डोकं सणकलं. तबकडी काढायला दुसरं रिकामं कव्हर नाही, बाकी सगळ्या कव्हरांत तबकड्या आहेत. मशीन खोलावं, तर हात लागणारच. सिनेमा दोन बाजूंना अर्धा-अर्धा असतो, आणि उलटायला तबकडी आधी बाहेर यावी लागते. म्हणजे आता फक्त पूर्वार्ध. पण राग नुसता तेवढ्याचा नव्हता. आमच्याकडे बिनलग्नाची बाई म्हणजे रिकामी. आईच्या आजारपणात मी रिकामी, वहिनीच्या बाळंतपणात मी रिकामी. ताईने कव्हर निदान हलवून तरी पाहिलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"खोली मिळणार नाही, ताई."

"या खेळण्यांपायी पोराला रस्त्यावर काढतेस?"

"रस्त्यावर कशाला? पगार आहे, भाड्याने घेईल. त्याच्या वयात मीही घेतली होती."

ताईला रडू आलं. मलाही आलं. लहानपणी माझ्या वेण्या तिनेच घातल्यात. तरी मी शब्द फिरवला नाही. तिने बॅग भरली, रिक्षा बोलावली आणि जिन्यात वळून म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकाने तुझ्या दारात पायच ठेवायचा नाही?"

"ठेवू दे की. रविवारी सिनेमा बघायला पाठव. सध्या अर्धाच लागतो. तो संपला, की त्याने आपल्या घरी जायचं."