तोंडपाठ गणितं

गावच्या शाळेत आठवीपर्यंत माझा पहिला नंबर कधी हुकला नाही. गुरुजी एकटेच दोन-तीन वर्ग सांभाळायचे. एका वर्गाला लिहायला लावून ते दुसऱ्याला शिकवत, आणि लिहायला दिलेलं सगळं मी पाठ करून टाकत असे. आमच्या घरात वाचता येणारी पहिली मी, आणि ते त्यांच्यामुळेच. त्यांच्याविषयी माझ्या मनात तक्रार नाही. पण पाठ करणं म्हणजेच अभ्यास, एवढं मात्र मी तिथून पक्कं शिकून आले.

नववीला मुलींसाठीच्या निळ्या बसनं ब्रह्मपुरीकडच्या एका मोठ्या गावातल्या हायस्कुलात जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात बाकावरच्या मुलीनं विचारलं, "गावात कितवा नंबर होता तुया?"

"पह्यला."

"पोरं किती होते वर्गात?"

"पाच."

"बाप्पा! मंग तू आन तुई सावलीच होती म्हन की."

अख्खा बाक हसला. मीही हसले. घटक चाचणीत मी साठातून अठ्ठेचाळिसावी आले, तेव्हा तिनं नुसतं आपलं दप्तर सरकवून मला बसायला जागा दिली. ते जास्त लागलं.

गणिताचे सर तपासलेले पेपर जास्त गुणांपासून खाली वाटत. पेपर मिळालेली मुलं एकमेकांचे गुण पाहत बसायची आणि सरांच्या हातातला गठ्ठा पातळ होत जायचा. माझं नाव येईपर्यंत वर्गात इतका गोंधळ झालेला असायचा, की मी उठून गेलेली कोणाला दिसतही नसे. त्याचंही बरं वाटायचं.

पहिल्या सत्रात बेचाळिसावी आले. त्याच दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, "दहावीला दोन तुकड्या होतील. नववीच्या निकालातले पहिले चाळीस 'अ'मध्ये, बाकीचे 'ब'मध्ये. गणिताला मी एकटाच आहे, दुसरी जागा रिकामी आहे. 'ब'चा तास ज्याला सवड असेल तो घेईल." सांगताना ते आमच्याकडे नाही, खिडकीबाहेर पाहत होते. म्हणजे नंबर आता नुसता मिरवायचा राहिला नव्हता. चाळीसच्या आत आले तर मला गणित शिकवायला माणूस मिळणार होता, नाहीतर नाही.

त्या गावातली मुलं सकाळी सरांच्या शिकवणीला जात. आमची बस शाळेच्या घंटेच्या तोंडावर पोचायची. एकदा मधल्या सुट्टीत धीर करून एक उदाहरण विचारलं. सरांनी डबा बाजूला ठेवला, उभ्या उभ्या समजावून दिलं आणि विचारलं, "कळलं ना?" मागं आणखी चौघं थांबली होती. मी "हो सर" म्हटलं. कळलं काहीच नव्हतं.

मार्च लागला तशी मोहफुलं पडू लागली. जंगल गावाला लागूनच. पहाटेच घरचे सगळे टोपल्या घेऊन निघत, कारण उशीर झाला की फुलं हरणं आणि गुरं खाऊन टाकतात. दरवर्षी मीही जायची. त्या वर्षी आई म्हणाली, "तू नको येऊ. तू नंबर आन."

शेजारच्या काकूंनी अंगणातूनच ऐकवलं, "काऊन वो, आत्ताच साहेबीण झाली का तुई पोरगी?"

"अजून नाई झाली," आई म्हणाली. "चाळीसच्या आत बसू दे तिले, मंग तुमालेच पह्यले सांगतो."

वाघाचा वावर होता, म्हणून बाया एकमेकींना हाका मारत फुलं वेचायच्या. त्या हाका अंगणात ऐकू येत. आईचा आवाज आला की मी पुढची ओळ वाचायची, नाही आला की त्याच ओळीवर थांबायची. मार्गदर्शकातली सोडवलेली गणितं मी अशीच एकामागून एक पाठ केली, आकड्यांसकट.

आई परत आली की अंगणात फुलं वाळत घालता घालता म्हणायची, "म्हन."

मी म्हणायची, "दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर बारा, समीकरण एक. एक्स वजा वाय बरोबर एक, समीकरण दोन. समीकरण दोनला तीनने गुणून, तीन एक्स वजा तीन वाय बरोबर तीन. म्हणून पाच एक्स बरोबर पंधरा..."

"थांब. काल मधात 'बेरीज करून' म्हटलं होतं. आज काऊन नाई म्हटलं?"

खरंच राहिलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. शेवटी "एक्स बरोबर तीन, वाय बरोबर दोन" आलं की आई मान हलवायची, "आता जमलं." आम्हा दोघींना खरंच वाटत होतं, की जमलं.

परीक्षेत तेच गणित आलं. फक्त बाराच्या जागी तेरा होते आणि एकाच्या आधी वजाचं चिन्ह होतं. मी माझ्या पायऱ्या लिहीत गेले. पाच एक्स बरोबर पंधरा यायला हवं होतं, ते येईना. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. घंटा व्हायच्या आधी, मला येत होतं ते उत्तर लिहून टाकलं.

घरी आई वाटच पाहत होती. "आलं का आपलं?"

"आलं. पन आकडे येगळे होते."

"आकडे बदलवतेत?"

"हो."

तिनं माझ्या हातातलं दप्तर घेऊन खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "मंग पाठ करून का होते?"

हा प्रश्न मला वर्षभरात कोणी विचारला नव्हता, मीही नाही.

निकालाच्या दिवशी 'अ'मध्ये जाणाऱ्यांची नावं नंबरानं वाचली. शेवटचं नाव झालं आणि सरांनी कागदाची घडी घातली. मी चव्वेचाळिसावी होते.

बाबांनी समजूत घातली, "म्हंजे चारच पोरं आडवे आले ना? पुढच्या वर्षी मारजो उडी."

"पुढच्या वर्षी तुकडी बदलत नाई, बाबा."

"काऊन नाई?"



दहावीत गणितात काठावर पास झाले आणि कला शाखेला गेले. गावातली पहिली पदवीधर मुलगी मीच. ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांची मी ऋणी आहे, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. पण त्या वर्षी गणिताचा जो दरवाजा बंद झाला, तो मी कितीही शिकले तरी उघडला नाही.

दहावीत 'अ' आणि 'ब'च्या मध्ये एकच भिंत होती. आमच्या गणिताच्या तासाला बहुतेक कोणी यायचं नाही, आणि पलीकडून सरांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. सुरुवातीला मी भिंतीकडच्या बाकावर बसून जेवढं कानावर पडेल तेवढं वहीत उतरवायची. "आता हे इकडे आणा," सर म्हणायचे, "आणि हे खाली लिहा." काय इकडे आणायचं, कशाखाली लिहायचं, ते त्यांच्या फळ्यावर असायचं. दिवाळीनंतर मी त्या बाकावर बसणं सोडलं.