ऑगस्टीनचा कोरडा हात

उत्तनच्या ऑगस्टीनला करंट लागत नाही. हे तो स्वतःच सांगतो, म्हणजे खरंच असणार. होडी मुलाच्या स्वाधीन केल्यापासून घरातल्या विजेची सगळी जबाबदारी त्याने अंगावर घेतलीय. जबाबदारी म्हणजे काय, तर वायरमनला बोलवायचं नाही.

त्याची बायको गर्ट्रूड मासळी खारवते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मिठाने माखलेल्या हातांनी मासळीचा फ्रीझर उघडते, आणि हल्ली तिला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. तक्रार केली की ऑगस्टीन रबरी चपला फटफटवत येतो, कोरडं बोट दाराला लावतो आणि निकाल देतो, "काय न्हाय. वयाचं हाय तुझं." नवरा पडला शहाणा, बाई पुन्हा मासळीकडे वळते. पण फ्रीझर उघडण्याआधी ती क्रूसाची खूण करायला लागली होती, इतकी भीती तिच्या मनात बसली होती.

लेक क्रिस्टल भाईंदरच्या इस्पितळात ईसीजी काढते. तिने बापाला समजावलं, "पप्पा, अंगात तारा नसतात, खारं पाणी असतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात, त्यांना आयन म्हणतात. ते सरकतात, तोच अंगातला करंट. कोरडी कातडी करंटला बाहेरच अडवते. मम्मीची कातडी भिजलेली, वर मीठ. आपलं काळीजसुद्धा आयनांच्या सरकण्यावरच धडधडतं. बाहेरचा करंट त्यात घुसला तर मम्मी जागच्या जागी जाईल."

"समुद्रात जन्म गेला माझा, आनि ही मला मीठ शिकवते," ऑगस्टीन म्हणाला. झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

मग गर्ट्रूड तापाने पडली आणि सुरमई खारवायचं काम साहेबांवर आलं. चपलांना मासळीचा वास लागेल म्हणून साहेबांनी त्या बाहेर काढल्या, दोन्ही हात मिठात बरबटवले आणि फ्रीझरचं दार धरलं. पुढच्या क्षणी ते सुरमईच्या टबात बसले होते. जीव वाचला, देवाची कृपा. तोंडचं पाणी मात्र पळालं.

वर्षभर ज्याची गरज नव्हती तो वायरमन, शशिकांत, तासाभरात हजर झाला. त्याने फ्रीझर तपासला आणि कपाळाला हात लावला.

"काका, अर्थिंगच नाहीये याला. कधीपासून करंट लागतोय?"

गर्ट्रूड चादर लपेटून दारात उभी होती.

"आजपासनं," ऑगस्टीन म्हणाला.