साखरपुड्यासाठी गिलावा

कचरूकाकांच्या हाताला फिनिशिंग होतं. नुसतं गवंडी म्हणून भागायचं नाही, गवंडी पुण्यात ढिगानं मिळतात. हिंजवडीत शेतं जाऊन काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या तेव्हा सगळं बांधून झालं की शेवटी काकांना बोलवायचे, की या आणि हे आता दिसायला नीट करा. काका आधी काहीच करायचे नाहीत. डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवायचे, आणि जिथं हाताला टोचलं तिथलं सगळं खरवडून परत. त्यांच्यावर मुकादम चिडायचे, आणि पुढच्या साइटवर परत त्यांनाच शोधत यायचे.

स्वतःचं घर मात्र येरवड्याला टेकडीच्या चढावर, दोन खोल्यांचं. मागं अंगण, अंगणामागं काळ्या दगडाची पुरुषभर उंच भिंत आणि त्या भिंतीच्या डोक्यावर ललिताआक्काचं घर. एका पावसात वरची माती घसरून आक्काची न्हाणी काकांच्या अंगणात आली होती, तेव्हा काकांनी आणि राधाकाकूनं मिळून ही भिंत रचली. काकू दगड द्यायची, काका बसवायचे. भिंतीच्या मागं गोटे आणि खडी भरली, म्हणजे मुरलेलं पाणी त्यातून खाली उतरेल, आणि खालच्या अंगाला आरपार पाईपचे तुकडे टाकले, म्हणजे ते बाहेर पडेल. आत कोंडलं की पाणी भिंतीला ढकलतं. काकू पुढं काविळीनं गेली. भिंत राहिली, आणि त्या पाईपांतून बारा महिने वरच्या गल्लीचं पाणी झिरपत राहिलं, दगडावर तपकिरी ओघळ सोडत.

मुलगी सोनाली हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागली. कंपनीच्या बसमध्ये तिला धम्मदीप भेटला, घरच्यांना पसंत पडलं, आणि साखरपुडा अंगणातच करायचा ठरला. तेव्हा ती चहा पिता पिता सहज बोलून गेली, "पप्पा, ती भिंत किती रडकी दिसते ना."

बस्स. एवढंच. पण काकांना ते असं लागलं की रात्रभर कूस बदलत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती आरशासारख्या केल्या, आणि धम्मदीपचे वडील, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले साहेब, ते येऊन आपल्या घरी काय बघणार, तर ओघळ!

गणपती उठले होते, पाऊस ओसरला होता. काकांनी दगडावर सिमेंटचा गिलावा केला आणि वरून पांढरं सिमेंट घोटलं. पण एका पाईपातून पाणी आलं आणि त्या पांढऱ्यावर जखमेसारखी रेघ उमटली. मग त्यांनी सगळ्या पाईपांत गोणपाट कोंबलं आणि तोंडं सिमेंटचा माल भरून बुजवली.

वरून आक्का बघत होती. "काय रे कचरू, भिंतीला पावडर लावतोयस?"

"पोरीचा साखरपुडाय आक्का."

"मग पोरीला लाव. आणि ती भोकं?"

"कार्यक्रम झाला की उघडतो."

"तुझी भिंत, तुझी अक्कल. वर घर माझंय, एवढं ध्यानात ठेव."

आणि मग पाऊस परत आला. गेलेला पाऊस, कोणाच्या मनात नसताना, साखरपुड्याच्या तोंडावर, दिवस-रात्र धो धो. काका छन्नी-हातोडा घेऊन भिंतीपाशी गेलेसुद्धा. उभे राहिले. किती सुंदर दिसत होती ती! उद्याचा दिवस तेवढा निघू दे, म्हणाले, आणि छन्नी खाली ठेवली.

साखरपुड्याच्या सकाळी पाऊस थांबला. अंगणात ताडपत्री, खुर्च्या, भिंतीला लागून टेबल आणि पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. पाहुणे आले. धम्मदीपचे वडील बसता बसता म्हणाले, "वा, काय सुरेख काम आहे हो भिंतीचं." काकांना भरून आलं, आणि त्यांनी सवयीनं भिंतीवर तळवा ठेवला.

आणि हात तिथंच थांबला.

मागं कोंडलेल्या पाण्यानं भिंतीला पोट आलं होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, पण त्या हाताला कोण फसवणार? खाली गिलाव्याला केसासारखी चीर गेली होती आणि ती ओली होती.

"आक्का!" काका वर बघून ओरडले. "घराबाहेर ये!"

"जेवायला बोलवतोयस का हाकलतोयस?"

"बाहेर ये म्हणतो ना! वरच्या गल्लीत जा, सगळ्यांना घेऊन जा!"

त्यांचा असला आवाज आक्कानं कधी ऐकला नव्हता. ती नातवाला काखेत मारून तडक निघाली.

"अहो, काय झालं?" धम्मदीपची आई घाबरून उठली.

"उठा सगळे. भिंतीपासून लांब व्हा. पोरं आधी बाहेर काढा."

धम्मदीपनं मूर्ती उचलली, सोनालीनं फोटो छातीशी धरला, खुर्च्या पडल्या, अंगण रिकामं झालं. काकांनी नव्या पांढऱ्या शर्टातच पहिल्या पाईपाच्या तोंडावर छन्नी लावली. आपल्याच हातानं घोटलेलं ते पांढरं, खपल्या खपल्या होऊन पायाशी पडायला लागलं. माल फुटला, गोणपाट सुटलं आणि गढूळ पाण्याची धार त्यांच्या तोंडावर बसली. मग दुसरं. मग तिसरं. मनात एकच होतं, वर आक्काचं घर आहे, आणि ते मी माझ्याच हातानं धोक्यात घातलंय.

दारातून धम्मदीपचे वडील बघत होते. "कोणी बुजवलं हे?"

"मीच." काकांनी मान वळवली नाही. "तुम्हाला बरं दिसावं म्हणून."

साहेब दारातून मागं वळले. त्यांनी सगळ्यांना समोरच्या विहारात नेलं.

तिथून त्रिसरण सुरू झाल्याचं काकांना ऐकू आलं. बुद्धं सरणं गच्छामि. लेकीचा साखरपुडा, आणि बाप इथं चिखलात गुडघे टेकून पाईपात सळई फिरवतोय. ओठांनी त्यांनीही म्हटलं, सळई न थांबवता. कडेचं तोंड काही केल्या सुटत नव्हतं, गोणपाट आत खोल गेलं होतं. भिंत मात्र आणखी पुढं आली नव्हती. दर थोड्या वेळानं ते तळवा लावून बघत होते.

सोनाली आली. साडी पोटरीपर्यंत खोचलेली.

"पप्पा, चला. अंगठीसाठी सगळे थांबलेत."

"तुम्ही करून घ्या बाळा. हे एक राहिलंय."

"धम्मदीपचे पप्पा म्हणाले, बाप येईपर्यंत अंगठी नाही." ती भिंतीजवळ आली. "आणि आक्काही तिथं आलीय. ती म्हणाली, भोकं उघडल्याशिवाय बाप नाही."

काकांनी सळई परत पाईपात घातली. ती खाली बसली, चिखलातच, आणि तिनं सळईचं मागचं टोक धरलं.

"मी सांगतो तेव्हा ढकल," काका म्हणाले.

"हं."

"आता."